१९९४ चा इंडीकार हंगाम पेन्स्की संघाने ‘त्या’ गुप्त इंजिनामुळे जिंकला, हे कितपत खरे आहे?

प्रश्न – कडबोळे

गेले काही महिने मी मोटार शर्यतींच्या जुन्या हंगामांविषयी वाचत आहे. सुरुवात फॉर्म्युला वनपासून झाली. १९९२ चा जगज्जेता नायजेल मॅन्सेल दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत गेला आणि तिथलेही विजेतेपद पहिल्याच फटक्यात घेऊन बसला, हे वाचल्यावर अमेरिकेतील उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतींकडे, म्हणजे इंडीकारकडे, वळलो. आता १९९४ च्या हंगामापाशी येऊन अडलो आहे.

माझी अडचण अशी आहे. या हंगामाचा विषय निघाला, की जवळजवळ प्रत्येक लेखात एकच गोष्ट रंगवून सांगितलेली आढळते: रॉजर पेन्स्की यांनी नियमातील एक पळवाट हेरली, इंग्लंडमधील इल्मोर कंपनीकडून गुपचूप एक राक्षसी इंजिन करवून घेतले, त्यावर मर्सिडीजचे नाव लावले आणि मग कोणाचे काही चालले नाही. गुणतक्ता पाहिला तर या कथेवर विश्वास बसतो. पहिला अल अन्सर ज्युनियर २२५ गुण, दुसरा एमर्सन फिटिपाल्डी १७८, तिसरा पॉल ट्रेसी १५२, आणि तिघेही पेन्स्कीचेच चालक. चौथ्या क्रमांकावरील मायकेल आंद्रेत्तीचे गुण ११८, म्हणजे विजेत्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक.

परंतु तारखा जुळवू लागलो तसा गोंधळ वाढला. जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे इंजिन पूर्ण हंगामभर वापरले गेले होते का? नियम सर्वांना सारखाच असेल, तर दुसऱ्या कोणालाही ते सुचले कसे नाही? आणि अन्सरच्या विजेतेपदाचे श्रेय चालकाला द्यावे की इंजिनाला? इंजिनाच्या रचनेविषयी कोणी सोप्या भाषेत लिहिले तर अधिकच आभारी राहीन, कारण ‘पुशरॉड’ हा शब्द मी इतक्या वेळा वाचला आहे, की आता त्याचा अर्थ विचारायची लाज वाटू लागली आहे.

प्रतिसाद १ – तिसरे वळण

कडबोळे, तुमचा संशय रास्त आहे. ते इंजिन, म्हणजे मर्सिडीज-बेंझ ५००आय, त्या हंगामातील सोळा शर्यतींपैकी केवळ एका शर्यतीत धावले. ती शर्यत मे महिन्यातील इंडियानापोलिस ५००. उरलेल्या पंधरा शर्यतींत पेन्स्कीच्या तिन्ही गाड्यांमध्ये इल्मोरचेच, पण नेहमीचे २.६५ लिटरचे, टर्बोने (हवा दाबून आत भरणाऱ्या यंत्राने) चालणारे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन होते, आणि ते इतर संघांनाही मिळत होते. टेओ फाबी आणि एड्रियन फर्नांडेझ रेनार्डच्या गाडीत तेच इंजिन घेऊन धावत होते आणि दोघांनाही वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही. म्हणून ‘राक्षसी इंजिनामुळे हंगाम जिंकला’ हे विधान मला आळशी वाटते.

आता हिशेब पाहू. पेन्स्कीने सोळापैकी बारा शर्यती जिंकल्या. अन्सरच्या वाट्याला आठ आल्या: लाँग बीच, इंडियानापोलिस, मिलवॉकी, पोर्टलंड, क्लीव्हलंड, मिड-ओहायो, न्यू हँपशर आणि व्हँकुव्हर. ट्रेसीने डेट्रॉइट, नाझरेथ आणि लगुना सेका या तीन जिंकल्या, तर फिटिपाल्डीने फीनिक्सची एक. फीनिक्सपासून क्लीव्हलंडपर्यंत सलग सात शर्यतींत दुसऱ्या कोणत्याही संघाला विजय मिळाला नाही. पाच वेळा तर पहिले तिन्ही क्रमांक याच संघाने घेतले, आणि त्या पाच शर्यतींची यादी बोलकी आहे: मिलवॉकी, पोर्टलंड, मिड-ओहायो, न्यू हँपशर, नाझरेथ. मिलवॉकी आणि न्यू हँपशर हे एक मैलाच्या आसपासचे लंबगोल ट्रॅक, नाझरेथ त्याच जातीचा पण वेडावाकडा आणि चढउतारांचा, तर पोर्टलंड आणि मिड-ओहायो हे डावी-उजवी वळणे असलेले रस्त्यासारखे ट्रॅक आहेत. अशा ठिकाणी नुसत्या अश्वशक्तीने कोणी पुढे जात नाही. गाडी वळणात किती घट्ट बसते आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाके किती शांत राहतात, यावर तेथील निकाल ठरतो.

तेव्हा या हंगामाचे खरे नाव पीसी-२३ असे आहे. नायजेल बेनेट यांनी आखलेली आणि इंग्लंडमधील पूल या गावी पेन्स्कीच्याच कारखान्यात बांधलेली ती गाडी होती. इतर बहुतेक संघ लोला किंवा रेनार्ड या कंपन्यांकडून तयार गाड्या विकत घेत; पेन्स्की स्वतःची गाडी स्वतः बनवत असे, आणि त्यांचा हा हट्ट काही वर्षी अंगलटही आलेला आहे. १९९४ मध्ये मात्र तो पूर्णपणे फळला. यामागे तयारीही होती. आदल्या वर्षी, म्हणजे मॅन्सेलच्या वर्षी, पीसी-२२ या गाडीने ट्रेसीला पाच आणि फिटिपाल्डीला तीन शर्यती जिंकून दिल्या होत्या. सोळांपैकी आठ शर्यती जिंकूनही विजेतेपद हुकलेला संघ पुढच्या वर्षी अधिक चांगली गाडी आणि अन्सरसारखा तिसरा चालक घेऊन आला, तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

राहिल्या चार शर्यती. हंगामाची सलामी ऑस्ट्रेलियातील सर्फर्स पॅराडाइजला झाली. मॅक्लारेनमधील निराशाजनक वर्षानंतर फॉर्म्युला वनमधून परतलेल्या मायकेल आंद्रेत्तीने ती जिंकली, आणि रेनार्ड कंपनीच्या इंडीकारची ती पहिलीच शर्यत होती. पुढे टोरंटोही त्यानेच जिंकली. मिशिगनची पाचशे मैलांची शर्यत स्कॉट गुडइयरने घेतली, तो वर्षभरातील लोलाचा एकमेव विजय. रोड अमेरिकाला जाक व्हिलनव जिंकला. त्याचे ते पहिलेच वर्ष होते आणि त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवावी हे पुढच्या तीन वर्षांत सर्वांना कळले.

श्रेयाच्या प्रश्नाला साधी वजाबाकी पुरेशी आहे. तेव्हाच्या पद्धतीनुसार विजयाला २० गुण, पोलला (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळणाऱ्या पहिल्या स्थानाला) एक आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिल्याबद्दल एक, असे एका शर्यतीतून जास्तीत जास्त २२ गुण मिळत. इंडियानापोलिसला इतर शर्यतींहून अधिक गुण नव्हते. अन्सरच्या २२५ मधून ते सगळेच्या सगळे २२ काढून टाका आणि फिटिपाल्डीचे १७८ तसेच राहू द्या. तरी २०३ उरतात.

प्रतिसाद २ – टॅपेट

‘तिसरे वळण’ यांच्या वजाबाकीशी वाद नाही. मी मूळ प्रश्नातील लाज वाटण्याजोग्या (आणि मुळीच लाज न वाटण्याजोग्या) शब्दाकडे वळतो. आमच्या घरी जुनी बुलेट होती आणि दर काही महिन्यांनी तिचे टॅपेट जुळवण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे, त्यामुळे पुशरॉड ही माझ्यासाठी पुस्तकातली वस्तू नाही.

इंजिनातील वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे काम कॅमशाफ्ट करते. बुलेटमध्ये किंवा आपल्या अॅम्बॅसॅडरमध्ये कॅम खाली, क्रँकच्या शेजारी असतात आणि वॉल्व्ह मात्र वर, सिलिंडरच्या माथ्यावर. मधले अंतर भरून काढायला उभ्या दांड्या लागतात. कॅमचा उंचवटा दांडीला वर ढकलतो, दांडी रॉकरला ढकलते आणि रॉकर वॉल्व्ह दाबतो. ही ढकलदांडी म्हणजेच पुशरॉड. रचना साधी आणि टिकाऊ, पण इतके हलते भाग वर-खाली नाचवायचे म्हटल्यावर इंजिनाला फार वेगाने फिरवता येत नाही. शर्यतीच्या नेहमीच्या व्ही-८ मध्ये चार कॅमशाफ्ट थेट माथ्यावर बसवलेले असतात, दर सिलिंडरला चार वॉल्व्ह असतात आणि मधली दांडी मुळी नसतेच, म्हणून ते मिनिटाला तेरा हजार फेऱ्यांच्या जवळ जाऊ शकते.

इंडियानापोलिस ५०० चे नियमन युसॅक ही संस्था करत असे. अमेरिकन मोटारींच्या साध्या इंजिनांवर काम करणाऱ्या छोट्या संघांनाही मे महिन्यात संधी मिळावी, या हेतूने तिने पुशरॉड इंजिनांना दोन सवलती दिल्या होत्या. आकारमान २,६५० सीसीऐवजी ३,४३० सीसी, आणि टर्बोचा दाब पाऱ्याच्या ४५ इंचांऐवजी ५५ इंच. ब्युइकचे व्ही-६ इंजिन याच सवलतीवर धावत असे. ते वेगवान होते पण पाचशे मैल टिकेल याचा भरवसा नसे. १९९२ मध्ये रोबेर्तो गेरेरोने ब्युइकच्या बळावर २३२.४८२ मैल प्रतितास वेगाने पोल मिळवला आणि शर्यत सुरू होण्याआधीच्या संथ फेरीत, थंड टायरांवर, गाडी भिंतीवर घातली. (त्यात इंजिनाचा दोष नव्हता, पण ब्युइकच्या नशिबाची कल्पना यावी म्हणून सांगितले.)

मूळ नियमात अशा इंजिनाचा मुख्य ठोकळा कारखान्यात विक्रीसाठी बनणाऱ्या मोटारीचाच असावा, अशी अट होती. १९९१ पासून युसॅकने ती अट काढून टाकली, म्हणजे खास शर्यतीसाठी नव्याने ओतलेले पुशरॉड इंजिनही सवलतीस पात्र झाले. इल्मोरचे मारिओ इलियेन आणि पॉल मॉर्गन यांनी नेमके हेच हेरले. ‘पळवाट’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. दार उघडे होते आणि त्यावर पाटीसुद्धा लावलेली होती.

आता कागदावर हिशेब करू. आकारमान सुमारे २९ टक्के जास्त, दाब सुमारे २२ टक्के जास्त. दोन्हींचा गुणाकार केला तर दर फेरीला साधारण ५८ टक्के अधिक हवा इंजिनात जाते. ढकलदांड्यांमुळे फेऱ्या तेरा हजारांऐवजी दहा हजारांच्या आसपास रोखाव्या लागतात असे धरले, तरी शेवटी वीस-बावीस टक्के नफा उरतो. इतरांची शक्ती आठशे अश्वशक्तीच्या आसपास होती, आणि ५००आय हजाराच्या वर जात असल्याचे सांगितले जाते, ते या ढोबळ गणिताशी जुळते.

दुसऱ्या कोणाला का सुचले नाही, याचे उत्तर व्यवहारात आहे. हंगामातील उरलेल्या शर्यती कार्ट ही दुसरी संस्था चालवत असे आणि तिच्याकडे ५५ इंचांची सवलत नव्हती. वर्षातून एका शर्यतीसाठी संपूर्ण नवे इंजिन आखायचे, ओतायचे, तपासायचे आणि पाचशे मैल टिकवायचे, हा खर्च पेन्स्कीशिवाय दुसरा कोण करणार होता? मिशिगनची शर्यतही पाचशे मैलांचीच होती, पण ती कार्टच्या अखत्यारीत असल्याने तिथे ५००आय नेता आले नाही.

प्रतिसाद ३ – कडबोळे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टॅपेट, तुमच्या बुलेटमुळे जे लेखांतून कळले नव्हते ते पाच मिनिटांत कळले.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. इंजिनात वीस टक्के जादा ताकद होती, तर इंडियानापोलिसच्या पात्रता फेरीत फरक इतका थोडा कसा? अन्सरचा पोलचा वेग २२८.०११ मैल प्रतितास, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या स्थानावर लोला-फोर्ड घेऊन राऊल बोएसेल २२७.६१८. मी गणित केले, चार फेऱ्यांच्या दहा मैलांत मिळून पाव सेकंदाहून किंचित जास्त फरक पडतो. गेरेरोचा दोन वर्षांपूर्वीचा वेगही यापेक्षा जास्त होता. शिवाय तीनपैकी एकच पेन्स्की गाडी शेवटपर्यंत पोचली. मग भीती कशाची होती?

प्रतिसाद ४ – स्पीडवेच्या शेजारी

मी गेली अनेक वर्षे इंडियानापोलिसच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला शक्य नाही. येथे वर्षानुवर्षे शर्यत स्थानिक वाहिनीवर थेट दाखवत नसत, तिकिटे खपावीत म्हणून. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अंगणात शेगडी पेटवून रेडिओ ऐकायचा हाच गावाचा रिवाज. १९९४ ची शर्यत आजही येथील जुन्या लोकांच्या बोलण्यात येते, आणि ती ज्या पद्धतीने येते त्यावरून मला ‘तिसरे वळण’ यांच्याशी थोडे भांडायचे आहे.

आधी कडबोळे यांचा प्रश्न. स्पीडवेची, म्हणजे इंडियानापोलिसच्या ट्रॅकची, एक फेरी अडीच मैलांची, चार वळणे, आणि त्यांचा उतार नऊ अंशांहून थोडा अधिक, म्हणजे फारसा नाही. सरळ रस्त्यावर जादा ताकदीने जे मिळते, ते वळणाच्या तोंडाशी टायरांपुढे नेऊन ठेवावे लागते, आणि वळणात किती वेगाने जायचे हे टायर आणि गाडीवर दाबणारी हवा ठरवते. म्हणून एकट्याने चार फेऱ्या मारताना फरक आकसतो. शर्यतीत तसे नसते. पुढे संथ गाड्यांची रांग लागली, वळणात पाय उचलावा लागला, की बाहेर पडल्यावर पुन्हा वेग कोण आधी पकडतो याला महत्त्व येते. तिथे ५००आय बाकीच्यांना उभे असल्यासारखे मागे टाकत होते.

निकालाचे आकडे पाहा. दोनशे फेऱ्यांपैकी फिटिपाल्डी १४५ फेऱ्या आघाडीवर, अन्सर ४८, आणि उरलेल्या सात व्हिलनवच्या. चौथ्या कोणाचे नावच नाही. शेवटी दोनशेच्या दोनशे फेऱ्या पूर्ण करणारे दोघेच, अन्सर आणि व्हिलनव. ट्रेसीला सरावातच मोठा अपघात झाला होता. तो पंचविसाव्या स्थानावरून निघाला आणि निम्म्या शर्यतीच्या आधी टर्बो गेल्याने बाहेर पडला. फिटिपाल्डी मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातील कदाचित सर्वात निर्विवाद विजयाच्या दिशेने चालला होता. शर्यतीच्या अखेरीस व्यवहारात प्रतिस्पर्धी म्हणावा असा एकच, त्याच्याच संघातील अन्सर, आणि तोही जवळपास एका फेरीने मागे. अन्सरने त्याला ओलांडून ती फेरी भरून काढली, तेव्हा फिटिपाल्डीने त्याला पुन्हा गाठून मागे टाकण्याचा चंग बांधला. १८५ व्या फेरीत चौथ्या वळणातून बाहेर पडताना गाडी हातातून निसटली आणि भिंतीवर गेली. ज्याला ओलांडायची काही गरज नव्हती त्याला ओलांडण्याच्या नादात इंडियानापोलिसचे तिसरे विजेतेपद गेले. अन्सरने साडेआठ सेकंदांहून थोड्या अधिक फरकाने शर्यत जिंकली. त्यामुळे ‘इंजिन की चालक’ हा प्रश्न त्या एका दिवसापुरता तरी फिटिपाल्डीलाच विचारायला हवा. इंजिन तर दोघांकडे एकच होते.

आता भांडणाचा मुद्दा. इंजिन एकाच शर्यतीत धावले म्हणून ते हंगामातील तळटीप ठरते, असा ‘तिसरे वळण’ यांच्या लेखनाचा सूर आहे. गुणतक्त्यापुरते ते खरे असले, तरी १९९४ चा हंगाम गुणतक्त्यावर संपत नाही. युसॅकचा एक नियम आणि कार्टचा दुसरा, या दोन संस्थांमधल्या फटीतूनच हे इंजिन जन्माला आले. त्याच वर्षी मार्चमध्ये स्पीडवेचे अध्यक्ष टोनी जॉर्ज यांनी १९९६ पासून स्वतःची वेगळी मालिका सुरू करण्याचा मनोदय जाहीर केला होता. कार्टमध्ये धनाढ्य संघमालकांचेच चालते, खर्च आकाशाला भिडला आहे, छोट्यांना जागा नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी कार्टमधील सर्वात धनाढ्य मालक छोट्यांसाठी ठेवलेली सवलत वापरून त्यांच्याच अंगणात जवळपास सर्वांना एकेका फेरीने मागे टाकतो. जॉर्ज यांना आपल्या म्हणण्यासाठी यापेक्षा चांगला दाखला विकत घेऊनही मिळाला नसता.

इंडीकारमध्ये दोन मालिकांची जी फूट पडली, ती या इंजिनामुळे पडली असे मी म्हणत नाही, ती त्याआधीच ठरत आलेली होती. पण येथील लोकांच्या मनात ती फूट कोणत्या चित्राशी जोडलेली आहे असे विचाराल, तर ते चित्र त्या लाल-पांढऱ्या गाडीचे आहे.

प्रतिसाद ५ – तिसरे वळण

मान्य. ‘तळटीप’ हा शब्द माझा नाही, पण सूर होता हे कबूल करतो. फिटिपाल्डीविषयी तुम्ही थोडे कठोर झालात असे मात्र वाटते. अन्सर मागे राहिला असता आणि पुढे पिवळा झेंडा फडकला असता, तर सगळ्या गाड्या एकत्र येऊन ती आघाडी शून्यावर आली असती. अन्सरला पुन्हा एका फेरीने मागे ढकलणे हा त्यावरचा विमा होता. विमा महाग पडला, एवढेच.

आणखी दोन नोंदी करून ठेवतो, कारण हंगामाचा विषय निघाला आहे आणि त्या सहसा सुटतात. पहिली मॅन्सेलची. कडबोळे त्याच्याच मागावर इथवर आले आहेत, म्हणून. गतविजेता असूनही १९९४ मध्ये त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. इंडियानापोलिसला तर पिवळ्या झेंड्याखाली सगळे संथ चालले असताना डेनिस व्हिटोलोची गाडी दुसऱ्या गाडीच्या चाकावर चढून उडाली आणि थेट मॅन्सेलच्या गाडीवर येऊन बसली. १ मे रोजी इमोला येथे आयर्टन सेनाचा मृत्यू झाल्यानंतर विल्यम्स या त्याच्या फॉर्म्युला वन संघाला अनुभवी चालक हवा होता. मॅन्सेल त्याच वर्षी त्यांच्यासाठी चार शर्यतींत धावला आणि ॲडलेडची शेवटची शर्यत जिंकला. एका हंगामापूर्वी अमेरिका जिंकलेल्या माणसाचे मन तिथून किती लवकर उठले, हे पेन्स्कीच्या त्या वर्षाच्या पकडीचेही मोजमाप आहे.

दुसरी नोंद मारिओ आंद्रेत्तीची, म्हणजे मायकेलच्या वडिलांची. त्याचा हा निरोपाचा हंगाम होता. पाचशे मैलांची शेवटची इंडियानापोलिस तेविसाव्या फेरीत संपली. त्या शर्यतीशी त्याचे कधी जमलेच नाही, १९६९ चा एक विजय सोडला तर. ऑक्टोबरमध्ये लगुना सेकाला तो शेवटचा धावला. ती शर्यत जिंकली ट्रेसीने, पेन्स्कीच्या गाडीत, वर्षातील बारावा विजय.

प्रतिसाद ६ – टॅपेट

गुप्ततेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. इल्मोरचे ब्रिक्सवर्थमधील मोजके लोक आणि पेन्स्कीच्या पेन्सिल्व्हेनियातील रेडिंग येथील कारखान्यातील मोजके लोक यांच्यापलीकडे वसंत ऋतूपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. पहिल्या चाचण्या नाझरेथच्या ट्रॅकवर ऐन हिवाळ्यात झाल्या. तो ट्रॅक पेन्स्कींच्याच मालकीचा होता, त्यामुळे बर्फ बाजूला सारून, कडाक्याच्या थंडीत, कोणाच्याही नजरेस न पडता ट्रेसीला गाडी फिरवता आली. एप्रिलमध्ये इंजिन जाहीर झाले तेव्हा मे महिना दारात होता. काही उपाय करायला कोणालाही वेळ उरला नव्हता.

शेव्हरलेशी असलेला इल्मोरचा करार १९९३ अखेर संपला होता. म्हणूनच १९९४ मध्ये नेहमीच्या इंजिनावर नुसते इल्मोर एवढेच नाव होते, आणि मर्सिडीजचे नाव फक्त त्या एका शर्यतीत दिसले. जर्मन कंपनीने पदार्पणासाठी दिवस चांगला निवडला होता.

प्रतिसाद ७ – कडबोळे

माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि न विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांचीही. आता शेवटचे एकच विचारतो: या इंजिनाचे पुढे झाले काय? १९९५ च्या निकालात त्याचे नाव कुठेच सापडत नाही.

प्रतिसाद ८ – स्पीडवेच्या शेजारी

सापडणार नाही. शर्यत संपून महिना उलटायच्या आत युसॅकने अशा खास बनवलेल्या पुशरॉड इंजिनांचा दाब १९९५ साठी ५५ वरून ५२ इंचांवर आणला, आणि ऑगस्टमध्ये तो आणखी खाली, ४८ वर नेला. त्या दाबात ते चालवण्यात काही अर्थच उरला नाही. ब्युइकच्या वंशातील जुन्या ठोकळ्याच्या इंजिनांना मात्र ५५ इंच कायम राहिले, आणि १९९५ चा पोल स्कॉट ब्रेटनने तशाच मेनार्ड व्ही-६ वर मिळवला. म्हणजे ज्यांच्यासाठी सवलत होती त्यांना ती अखेर पावली.

पेन्स्कींची गोष्ट यापुढे अशी वळण घेते, की कादंबरीत लिहिली तर वाचक नाके मुरडतील. १९९५ च्या मे महिन्यात नेहमीचे इंजिन आणि नवी पीसी-२४ घेऊन ते स्पीडवेवर आले आणि गाडीला वेगच सापडेना. अन्सर गतविजेता, फिटिपाल्डी त्याआधीच्या वर्षीचा विजेता, आणि दोघेही तेहतीस गाड्यांत बसण्यासाठी धडपडत होते. अखेरीस संघाने इतरांकडे गाड्या मागितल्या, आणि बॉबी रेहालच्या संघाने आपल्या लोला गाड्या दिल्या.

यामागे हिशेब होता. १९९४ मध्ये रेहालचा संघ होंडाचे नवे इंजिन घेऊन आला होता आणि इंडियानापोलिसला ते इतके मंद पडले, की पात्र ठरण्याचीच शाश्वती राहिली नाही. तेव्हा पेन्स्कींनी त्यांना आदल्या वर्षीच्या पीसी-२२ गाड्या दिल्या. रेहाल तीत बसून मागच्या रांगांतून निघाला आणि तिसरा आला. पेन्स्कीचे स्वतःचे दोन चालक मात्र वाटेतच गळाले होते. वर्षभराने रेहालने ते ऋण फेडले, पण उसन्या लोलाही पुरेशा पडल्या नाहीत. आदल्या वर्षी १९३ फेऱ्या आपापसांत वाटून घेतलेले अन्सर आणि फिटिपाल्डी, दोघेही त्या रविवारी शर्यतीत नव्हते.